आभाळातलं लोखंड आणि नाशिकची सुरी

पुण्याहून नाशिकची बस सुटली तेव्हा माझ्या मांडीवरच्या पिशवीत अर्धा किलो लोखंड होतं आणि शेजारच्या सीटवर शालूवन्सं होत्या. दोहोंपैकी जड कोण, हे संगमनेर येईपर्यंत मला ठरवता आलं नाही. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, वय एक्याऐंशी. मी हरताना बघायला म्हणून त्या गुडघ्याला पट्टा बांधून आल्या होत्या.

हे लोखंड माझ्या भावानं, मधूनं, माझ्या लग्नात दिलेलं. तो जहाजावर नोकरीला होता. परदेशातल्या एका दगडांच्या दुकानातून त्यानं ते विकत आणलं आणि ही उल्का आहे, आभाळातून पडलेली, असं मांडवात सगळ्यांना सांगितलं. मी तेव्हा तेवीस वर्षांची. बी.एस्सी.ला पहिला वर्ग, आणि डोक्यात हवा इतकी की पदर आपोआप उडायचा. सासरी कोणाचा विश्वास बसेना म्हणून बाईसाहेब, म्हणजे मीच, अख्ख्या घराला घेऊन लोहाराकडे गेल्या. तुकड्याचा अर्धा भाग कापून घेतला आणि त्याचं विळीचं पातं घडवायला सांगितलं. अजून लाल करा, असं त्या बिचाऱ्याला दोनदा बजावलंसुद्धा. चौथ्या घावाला त्याचा भुगा झाला, जुन्या नानकटाईसारखा.

"मधूची थाप," वन्सं तिथेच म्हणाल्या. तेव्हापासून आमच्या घरात दूधवाल्याच्या सबबीपासून पुढाऱ्याच्या भाषणापर्यंत सगळ्याला 'मधूची थाप' म्हणतात. मधूच्या कानावरही ते गेलं. तो हसला, पण पुढे आमच्या घरी कधी भेटवस्तू घेऊन आला नाही. आता तो नाही. उरलेला अर्धा तुकडा मी सांभाळून ठेवला होता.

मग नातीनं मोबाईलवर नाशिकच्या युनूसभाईंचं काम दाखवलं. हातानं घडवलेल्या सुऱ्या आणि एकीच्या मुठीपाशी चक्क उल्केची पट्टी. मी त्याच दिवशी तिकिटं काढायला लावली.

द्वारका चौकात उतरताना पिशवीचा बंद तुटला आणि उल्का दुसऱ्यांदा पृथ्वीवर पडली, या वेळी एका रिक्षावाल्याच्या चपलेशेजारी. काय आहे, असं त्यानं विचारलं. थाप आहे, वन्संनी सांगितलं. त्याच रिक्षानं आम्ही निघालो. वाटेत पाववडा खाल्ला (इथे वडा पावात भरून पावासकट तळतात). वन्संनी तेलकट म्हणून नाक मुरडलं आणि दोन संपवले.

युनूसभाईंची शेड अंबडच्या कारखान्यांमागे आहे. साठीचा सडपातळ माणूस, चष्मा दोरीनं गळ्यात. एका कोपऱ्यात मनमाडच्या भंगारातून आणलेल्या गाड्यांच्या स्प्रिंगा; त्यांतून पाती निघतात. दुसऱ्या कोपऱ्यात निफाडकडच्या उपटलेल्या द्राक्षवेलींची पिळदार खोडं वाळत पडलेली, मुठींसाठी. सायकलच्या जुन्या चेनीही दिसल्या. त्या वितळेपर्यंत न तापवता एकजीव ठोकल्या की पात्यावर सापाच्या कातीसारखी नक्षी उमटते म्हणे.

त्यांनी माझा तुकडा हातात तोलला, चुंबक लावला, आणि लोहाराची हकीकत ऐकून घेतली.

"भट्टीत घालायला कोणी सांगितलं होतं, मावशी?"

वन्संनी नुसतं माझ्याकडे बोट केलं.

"याला आग नाही दाखवायची. अशा काही तुकड्यांत गंधक असतं, लाल करून ठोकलं की फुटतात. आणि टिकलं तरी आतली नक्षी जाते. हे थंडच कापायचं."

अठ्ठेचाळीस वर्षं मी वन्संवर राग धरून होते. मधूला थापाड्या ठरवलं होतं ते माझ्याच पहिल्या वर्गानं.

पण तुकडा खरा आहे का, हे अजून कळायचं होतं. कापून, घासून, तेजाबात (आम्लात) बुडवल्यावरच दिसेल, असं युनूसभाई म्हणाले. आत भेग निघाली तर मात्र चुरा होईल आणि दाखवायलाही काही उरणार नाही. नेता का परत, असं त्यांनी विचारलं. मी मान हलवली. कापा म्हटलं.

करवत पाण्याच्या धारेखाली तासभर कुरकुरत होती. वन्सं स्टुलावर बसून जप करत होत्या. कोणाच्या बाजूनं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. शेवटी दोन पातळ चकत्या निघाल्या, अखंड. घासल्यावर त्या स्टीलच्या वाटीसारख्या कोऱ्या दिसल्या. युनूसभाईंनी एक चकती तेजाबात सोडली, थोड्या वेळानं चिमट्यानं काढली, धुतली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

रेघा. आडव्या, तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या, चटईच्या विणीसारख्या.

"ही वीण माणसाला जमत नाही. लाखो वर्षं हळूहळू थंड होताना पडते. तुमचा भाऊ खरा होता."

मी एकाहत्तर वर्षांची बाई त्या शेडमध्ये गिरकी घेऊन नाचले. कामगारांनी मशीन बंद करून टाळ्या वाजवल्या.

चार दिवस आम्ही धर्मशाळेत राहिलो, घाटावर फिरलो. पाचव्या दिवशी सुरी मिळाली. स्प्रिंगचं पातं, द्राक्षवेलीची मूठ, आणि मधोमध दोन्ही बाजूंना मधूचं आभाळ.

परतीच्या बसमध्ये मी ठरवलं होतं की पुण्यापर्यंत वन्संना छळायचं. वाक्यंही तयार होती. पण सिन्नरच्या पुढे त्यांनीच सुरीची पेटी मागून घेतली, मांडीवर उघडली आणि पलीकडच्या अनोळखी बाईंना खुणेनं जवळ बोलावलं.

"ही उल्का आहे," वन्सं म्हणाल्या. "आमच्या मधूनं आणलेली."

बाईंनी विचारलं, मधू कोण? वन्सं सांगू लागल्या, त्याचं जहाज, त्याची बंदरं, त्याचं ते हसणं. मला ठाऊक नसलेल्या गोष्टीही त्यांना ठाऊक होत्या. मी माझी तयार वाक्यं गिळली आणि खिडकीकडे तोंड करून ऐकत राहिले. प्रवासात माणूस नवी गावं पाहतो म्हणतात. मी अठ्ठेचाळीस वर्षांनी माझा भाऊ सासरी नांदताना पाहिला.