हाई बी माय

सकाळपासून तिसऱ्या माणसाच्या कागदावर 'नस कमजोर' असा शेरा पडला, तेव्हा मी माझं मशीन बंद केलं आणि शेजारच्या खोलीकडे निघाले.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. कानाचा आजार डॉक्टर बघतात. माणसाला किती आणि काय ऐकू येतं ते मी बघते. माझं क्लिनिक धुळ्यात आहे. आमच्याकडच्या एका सेवाक्लबने शिरपूर तालुक्यातल्या एका गावात मोफत श्रवणयंत्रांचं शिबिर ठेवलं होतं. प्रोजेक्ट चेअरमन होते प्रमोदभाऊ, कापसाच्या जिनिंग मिलवाले. एकदा एखादी गोष्ट मनावर घेतली की हा माणूस कुणाचं ऐकत नाही. त्यांनी शाळेच्या दोन खोल्या मिळवल्या, आवाज आत येऊ नये म्हणून मंडपवाल्याच्या गाद्या खिडक्यांना टांगल्या आणि शेजारची पिठाची गिरणी दिवसभर बंद ठेवायला लावली. दळणाचे डबे तसेच परत नेताना बायका त्यांना काय काय म्हणत होत्या, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण शांतता मिळाली.

आमच्या टेस्ट दोन. पहिली माझ्याकडे. हेडफोन लावायचा, बारीक 'टूं' आवाज आला की बोट वर करायचं. त्यावरून आवाज किती कमी येतो ते कळतं. दुसरी शब्दांची. आवाज पुरेसा मोठा करून शब्द ऐकवायचे, पेशंटने ते परत म्हणायचे. यंत्र आवाज मोठा करतं, शब्द समजावून देत नाही. मोठ्याने सांगूनही शब्द कळत नसतील तर कानाच्या नसेत दोष असण्याची शक्यता असते, आणि मग यंत्राचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून यंत्रं देणाऱ्या कंपनीची अटच होती, शब्दांत नापास त्याला यंत्र नाही. अट वाईट नव्हती. ट्रंकेत पडून राहिलेली यंत्रं मी पुष्कळ पाहिली आहेत.

शब्दांची टेस्ट निनाद घेत होता. कंपनीने पुण्याहून पाठवलेला ऑडिओलॉजिस्ट, कामात चोख आणि बोलायला गोड. तरी माझ्या ग्राफमध्ये जे कान बऱ्यापैकी निघत होते, ते त्याच्या खोलीत जाऊन नापास होत होते. एखादा असता तर मी मानलं असतं. एका गावातल्या सगळ्यांच्याच नसा कशा कमजोर होतील?

नापास झालेली तिसरी व्यक्ती म्हणजे सिंधूअक्का. माझ्या टेस्टच्या वेळी त्या मला सगळं सांगून मोकळ्या झाल्या होत्या. समोर बसून बोललं तर ओठांवरून भागत होतं. अडत होतं ते फोनवर. एकुलती एक मुलगी नशिराबादला दिलेली, ती रोज फोन करायची. अक्कांना पलीकडचं काही कळायचं नाही, आणि आईला ऐकू येत नाही हे तिला कळू द्यायचं नव्हतं. मग त्यांनी काय युक्ती काढावी?

"मीच बोलस ना," त्या म्हणाल्या. "तिले बोलूच देत नही. मनं व्हयनं का ठी देस."

म्हणजे सगळं आपणच बोलायचं आणि संपलं की फोन ठेवायचा. मुलीला वाटायला लागलं, आईला आपल्यात रस उरला नाही. तू माझं कधी ऐकतच नाहीस, असं ती माहेरी आली तेव्हा रडून म्हणाली होती. आता आठवड्यातून एखादा फोन यायचा. अक्कांना यंत्र हवं होतं ते एवढ्यासाठी.

मी गेले तेव्हा निनादने दिलेला कागद कमरेला खोचून त्या चपला शोधत होत्या. काही तक्रार नाही, काही विचारणं नाही. मला ते बघवेना. मी त्यांना हाताला धरून परत खुर्चीवर बसवलं आणि निनादला म्हटलं, माझ्यासमोर एकदा घे.

त्याने माइकमध्ये म्हटलं, "डोळा."

"डोया," अक्का म्हणाल्या. निनादने फुली मारली.

"शाळा." "शाया." फुली. "फळ." "फय." फुली.

मला हसू आवरेना. आमच्याकडे खेड्यात 'ळ' बोलतच नाहीत, 'य' बोलतात. माझ्या माहेरी आजही केळ्याला केय म्हणतात. मी क्लिनिकमध्ये 'ळ' बोलते आणि घरी उंबरा ओलांडला की तो बाहेर ठेवते. आणि निनादच्या शब्दांत तर 'ळ'ची नुसती खैरात होती.

मी समजावून सांगितलं. निनादचा चेहरा उतरला, पण त्याने हट्ट सोडला नाही. म्हणाला, "मॅडम, त्या 'ळ' ऐकून 'य' म्हणतात, की त्यांना ऐकूच 'य' येतो, हे कसं ठरवायचं? तुम्ही इथल्या आहात म्हणून मी बरोबरची खूण करू का?"

प्रश्न बरोबर होता. मला थोडा रागही आला, पण बरोबर होता. आपल्या माणसांवर माया असणं हा काही टेस्टचा रिझल्ट नाही.

यावर उपाय आहे. लहान मुलांना नीट बोलता येत नाही, तेव्हा आम्ही चित्रं वापरतो. शब्द ऐकवायचा, मुलाने चित्रावर बोट ठेवायचं. तोंडाचा संबंधच येत नाही. प्रमोदभाऊंनी पलीकडच्या अंगणवाडीतून चित्रांचं पुस्तक पळवून आणलं. अक्कांनी ते बघितलं मात्र, त्यांचा पारा चढला.

"हाई तं पोरेसनं पुस्तक शे. मी काय अंगणवाडीमा शे का?"

मी त्यांची बरीच मनधरणी केली. नशिराबादच्या फोनचं नाव काढलं तेव्हा त्या तयार झाल्या. निनादने तोंडासमोर वही धरली, ओठ दिसू नयेत म्हणून, आणि माइकमध्ये म्हणाला, "माळ."

पानावर एका बाजूला मण्यांची माळ होती, दुसऱ्या बाजूला बाळाला भरवणारी आई. अक्कांनी मण्यांवर बोट ठेवलं. "माय," त्या म्हणाल्या. मग आमच्या अकलेची कीव आल्यासारखं त्यांनी बोट उचलून त्या आईवर ठेवलं. "आन हाई बी माय. पन तू हाई सांगी नही."

निनादने पेन खाली ठेवलं. तोंडातून दोन्ही शब्द सारखेच निघत होते, पण कानाला त्यातला कोणता आला हे अक्कांना पक्कं माहीत होतं. पुढची चित्रंही जवळजवळ सगळी बरोबर आली.

सकाळचे दोघे आम्ही घरून परत बोलावले. त्यांतले एक पास झाले. दुसरे एक नाना होते, ते मात्र चित्रांतही चुकले; त्यांची नस खरंच दमली होती. त्यांना पुढच्या तपासणीसाठी धुळ्याला यायला सांगितलं.

संध्याकाळी अर्थातच स्टेज, हार, फोटो. प्रमोदभाऊ माइकवर 'ळ' अगदी जपून बोलतात. त्या दिवशी आनंदाच्या भरात ते म्हणून गेले, "निनाद सरांसाठी टाया वाजवा." सगळं गाव हसलं. सगळ्यात मोठ्याने निनाद हसला.

कार्यक्रम आटोपल्यावर अक्का कानाला नवं यंत्र लावून माझ्या खोलीत आल्या आणि फोन माझ्या हातात दिला. यंत्राचा माइक कानाच्या वर असतो, म्हणून फोन कानाला न लावता जरा वर धरायचा, हे मी दाखवलं आणि मुलीचा नंबर लावून दिला. अक्कांच्या फोनचा आवाज नेहमीप्रमाणे पूर्ण सोडलेला होता, त्यामुळे पलीकडचं मलाही ऐकू येत होतं.

मुलगी म्हणाली, "हां माय, बोल." आणि सवयीने थांबली.

अक्का बोलल्या नाहीत. डोळे मिटून, फोन धरून नुसत्या बसून राहिल्या.

"माय? बोलस का नही?" मुलीचा आवाज घाबरला. "काय व्हयनं? बरी शे ना तू?"

"काही नही व्हयनं," अक्का म्हणाल्या. "तू बोल. मी आयकस."

मग मुलगी बोलायला लागली. मी दार ओढून घेतलं आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले.

नवीन यंत्र लावल्यावर पेशंट एकदम गप्प झाला, तर यंत्र बिघडलं असं लगेच समजू नये. कंपनीच्या माहितीपत्रकात हे दिलेलं नाही.