प्रज्ञाने शिकवलेलं टक्

प्रज्ञा गेल्याचं मला दुसऱ्या दिवशी कळलं. घरात सगळ्यांना आदल्या दिवशीच ठाऊक होतं. माझा मुलगा निखिल म्हणाला, "आई, तुला त्रास होईल म्हणून नाही सांगितलं." तोवर तिला वाकोल्याहून, तिच्या भावाच्या घरून, स्मशानात नेऊनही झालं होतं. काचबिंदूने माझे डोळे गेले त्याला आता बरीच वर्षं झाली, पण आंधळं केल्यासारखं वाटलं ते त्या दिवशी, आणि तेही आपल्याच माणसांनी. मी रडले नाही, निखिलशी कडाकडा भांडले. रडणं नंतर सुचलं... प्रज्ञा स्वतः भांडखोर होती, त्यामुळे तिला हा क्रम पसंत पडला असता. हा लेख मी फोनला तोंडी सांगून लिहिते आहे. शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या तर त्या फोनच्या.

आम्ही दोघी मुलुंडला एकाच सोसायटीत, डोंगराच्या बाजूला. मी ए विंगला, ती बी विंगला. मी शाळेत शिकवायचे. डोळे गेले तशी नोकरी गेली, मग बाजार गेला, मग गेटाबाहेरचं सगळंच गेलं. संध्याकाळी गच्चीवर जाऊन बसायचे, कारण लिफ्टने वर जायला कोणाचा हात धरावा लागत नसे. एकदा तिथे कुठल्याशा डब्यातून आवाज येत होता. टप... टप... टप, मग टपटपटप, आणि शेवटी टर्रर्र. मी विचारलं, काय आहे हे. एक खर्जातला बाईचा आवाज म्हणाला, "वटवाघूळ. आत्ता किडा पकडला त्याने. जवळ जाईल तसं भराभर ओरडतं." मी म्हटलं, मला दिसत नाही. असं सांगितलं की माणसं चुकचुकतात, नाहीतर एकदम मोठ्याने बोलायला लागतात, जसे काही माझे कानच गेलेत. ती म्हणाली, "मलाही नाही दिसत, अंधार पडलाय. तू ऐक की." पहिल्याच भेटीत अगं-तुगं. मी तिथेच तिची झाले.

वाकोल्याच्या दोन खोल्यांत सहा भावंडांबरोबर वाढलेली ही मुलगी. वडील मराठवाड्यातून आलेले, आंबेडकरांचा फोटो आणि पुस्तकं एवढंच घेऊन. तिने पीएचडी केली ती वटवाघळांना कसं ऐकू येतं यावर. नातेवाईक हसले, म्हणाले, याच्यावर कोण नोकरी देणार. तिने मिळवून दाखवली. तिच्याकडून मी जे ऐकलं ते मला शाळेत कोणी शिकवलं नव्हतं आणि मीही कोणाला शिकवलं नव्हतं. वटवाघूळ ओरडतं ते इतक्या उंच पट्टीत की तिच्या त्या डब्याशिवाय आपल्याला ऐकू येत नाही, आणि इतक्या जोरात की त्याचेच कान दुखावे. म्हणून ओरडण्याच्या ऐन आधी त्याच्या कानातला एक चिमुकला स्नायू आवळला जातो. कान क्षणभर बधिर होतो आणि लगेच मोकळा होतो, परत येणारा बारीक प्रतिध्वनी पकडायला. मेंदूतल्या काही पेशी तर अशा, की ओरडणं आणि प्रतिध्वनी यांच्यात अमुक इतकाच वेळ गेला तर दाद देतात. एक पेशी हातभर अंतराला, दुसरी खोलीभर अंतराला. तरुणपणी तिने हे शोधायला त्यांच्या मेंदूत बारीक तारा घातल्या होत्या. ते ती कधी लपवायची नाही. "त्यांच्या जिवावर शिकले, आता त्यांच्यासाठी ओरडते," म्हणायची.

ओरडायचीही. आमच्या सोसायटीच्या, बी विंगमागच्या बंद पडलेल्या पंपाच्या खोलीत छोटी वटवाघळं राहतात. कोकणात आम्ही त्यांना पाकोळ्या म्हणायचो. करोनाच्या साथीत सेक्रेटरींनी त्यांना हुसकवायला धूर सोडणारा माणूस आणला, तेव्हा ही दारात खुर्ची टाकून बसली. "आधी मला धुरी द्या." सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या ना?" "म्हणून तर बसलेय." तीन दिवस बसली. शेवटी धूरवालाच कंटाळला. पाकोळ्या अजून तिथे आहेत आणि सोसायटीत डास सगळ्यात कमी कुठे चावतात ते बी विंगवाल्यांना विचारा.

मला तिने टक् करायला शिकवलं ते माझ्या स्वयंपाकघरात. जीभ टाळ्याला लावून झटकन सोडायची, एक टक्. ती माझ्या तोंडासमोर परात धरायची किंवा बाजूला घ्यायची आणि विचारायची, आहे की नाही. पहिले दोन महिने मी नुसतं ठोकून देत होते. "अंदाज नको, ऐक," ती खेकसायची. मी वैतागून म्हटलं, वटवाघळांना जमतं कारण त्यांना तसा मेंदू आहे. तर म्हणाली, "तुझा बघायचा भाग डोक्यात मागे पडून आहे ना, तो काय रिकामा राहील असं वाटतं तुला? सवय कर, ऐकणं तिथे जाऊन बसेल. मेंदूत जागा रिकामी राहत नाही गं. मुंबईच ती." एके दिवशी परात नाकासमोर आली आणि मला कळलं. कसं ते सांगता येत नाही... आवाज जरा जवळून, जरा कडक परत आला. मग भिंत कळायला लागली, मग उघडं दार, उभी गाडी. गणपतीत मात्र मी गेटाशी अडकले. माझं टक् परतच येईना. मंडपाचं कापड होतं ते. "कापड आवाज खातं," म्हणत ती पोट धरून हसली.

काठी मी सोडली नाही, तिने सोडू दिली नाही. काठी खड्ड्यासाठी, जीभ भिंतीसाठी, हा तिचा नियम. आम्ही दोघी गेटाबाहेर पडायचो, भाजी आणायचो, पार स्टेशनपर्यंत जायचो. पुढे पुढे ती मुद्दाम वीस पावलं मागून यायची. सासूबाई म्हणाल्या, पालीसारखं काय ते घरात. निखिल म्हणाला, "आई, लोक बघतात यार." मी म्हटलं, बघू देत, त्यांना डोळे आहेत ना. पण निखिलला ते कधीच खरं वाटलं नाही. त्याला वाटे मावशी, म्हणजे प्रज्ञा, मागून हळूच सांगते.

मग तिला कॅन्सर निघाला. हॉस्पिटलात भेटायला गेले तेव्हा तिने आधी परीक्षाच घेतली. "खोली केवढी आहे सांग." मी म्हटलं, लहान आहे, उजवीकडे पडदा. "पास," म्हणाली. आमचं शेवटचं बोलणं ते.

ती गेल्यावर निखिलने फर्मान काढलं. मावशी होती तोवर ठीक होतं, आता गेटाबाहेर एकटीने जायचं नाही. वॉचमनलाही सांगून ठेवलं, आईला थांबव म्हणून. मी एकदा गेले, तर त्याने खरोखर काठी धरली. त्या दिवशीचा माझा संताप मी इथे लिहीत नाही, संपादक छापणार नाहीत. वाकोल्याला पुण्यानुमोदनाचा, म्हणजे तिला आदरांजली वाहायचा कार्यक्रम झाला, तिथेही मला गाडीत घालून नेलं आणि गाडीत घालून आणलं. येताना निखिल समजुतीने म्हणाला, "बी विंगमधली मावशीची खोली मिलिंदमामाने जशीच्या तशी ठेवलीय. तुला वाटलं की जाऊन बस." मला बरं वाटलं. निदान तेवढं तरी माझं राहिलं, असं वाटलं.

गेल्या रविवारी गेले. निखिलने माझं कोपर घट्ट धरलं होतं. मिलिंद, म्हणजे प्रज्ञाचा भाऊ, वाकोल्याहून आला होता, त्यानेच दार उघडलं. ती होती तेव्हा तिच्या त्या खोलीत तिन्ही भिंतींना पुस्तकं, खुंटीवर साड्यांचा ढीग, पलंगावर तिच्या आईने शिवलेली गोधडी. त्या खोलीत टक् केलं तर फारसं काही परत येत नसे, सगळं आतच मुरायचं. मी दारात उभी राहून टक् केलं. समोरची भिंत खाडकन बोलली. डावीकडची बोलली. पलंगाच्या जागी काही नव्हतं.

"कधी नेलंत सगळं?" मी विचारलं.

मिलिंद हळूच म्हणाला, "ताई, पंधरा दिवस झाले. भाडेकरू यायचेत. निखिल म्हणाला, तुम्हाला सांगायचं नाही, वाईट वाटेल."

वाईट वाटलंच. त्या उघड्या भिंतींनी मला ती गेल्याचं जितकं सांगितलं तितकं कोणीच सांगितलं नव्हतं. मी तिथेच फरशीवर बसून पोटभर रडले. निखिल शेजारी बसला. म्हणाला, "आई, तुला खरंच कळतं." मी म्हटलं, "मावशी घसा फोडून हेच सांगत होती तुला. पुन्हा माझ्याशी असं खोटं वागू नकोस."

खाली उतरताना त्याने माझं कोपर धरलं नाही. ए विंगकडे न वळता मी सरळ गेटाकडे निघाले. वॉचमन खुर्चीवरून उठला, म्हणाला, "साब, मॅडम को..." मागून, बऱ्याच मागून, निखिलचा आवाज आला, "जाने दो."

तो तसं म्हणाला नसता, तरी मी गेलेच असते.