नानांचं डॉलरचं नाणं

मला मुंबईला नेणारी जीप साताऱ्याच्या आमच्या दारात उभी होती आणि नाना नाण्यांबद्दल बोलत होते. माझे वडील शाळेत चित्रकला शिकवायचे; नाणी जमवणं हा त्यांचा एकुलता एक नाद. "तिकडचं एखादं नाणं पाठव. लोक वापरत नाहीत असं बघ. तेच पुढे मिळेनासं होतं."

"पोरगी चाललीय आणि तुम्हाला नाणी सुचतायत," आई म्हणाली. नानांना दुसरं काही बोलता येत नव्हतं, हे मला विमानात कळलं.

स्टेट कॉलेज या माझ्या विद्यापीठाच्या गावी पहिल्याच हिवाळ्यात पोस्टातल्या तिकिटांच्या मशीनमधून सुट्ट्या पैशांत तसं नाणं मिळालं. होतं डॉलरचं, पण दिसायला क्वार्टरसारखं, म्हणजे पाव डॉलरसारखं, त्यामुळे कुणालाच नकोसं. कॅम्पस बसचा ड्रायव्हर ते पाहून वैतागायचा. माझी रूममेट, नागपूरची वसुधा म्हणाली, "यार, इथे कोणी घेत नाही ते काकांना कशाला?" तरी सुट्टीत घरी जाताना तीच ते घेऊन गेली.

नाना हरखले. नाण्याच्या कडेला आतून अकरा कोन आहेत, तीस वर्षं थांब, मग बघ, असं त्यांनी कळवलं. डाग पडतात म्हणून ते नाणी फक्त कडेने धरत. आईलाही हात लावू देत नसत.

पुढच्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. माझ्या व्हिसाची मुदत संपलेली. गेले तर परत यायला नवा स्टँप मिळेल याची खात्री नव्हती, रिसर्च अर्धवट. "येऊन तू काय करणार? डॉक्टर आहेत," आई फोनवर म्हणाली. तुमच्यापैकी जे इकडे आलात, त्यांना हे वाक्य ठाऊक असेल.

काहीच करता येत नव्हतं, म्हणून गावातल्या नाण्यांच्या दुकानात जाऊन विचारलं, हे दुर्मिळ कधी होईल? म्हातारा मालक हळूच म्हणाला, "ज्याला मिळालं त्याने ते ड्रॉवरमध्ये जपून ठेवलंय. सगळ्यांनीच जपलं तर दुर्मिळ कसं होणार, बाळ?" नानांना हे कळवायचं नाही, एवढंच मी ठरवलं.

पुढच्या फोनवर आई म्हणाली, "बोटांना व्यायाम सांगितलाय. तुझं ते डॉलरचं नाणं दिवसभर हातात फिरवत बसतात."

"डाग पडतील," मी म्हणाले.

"पडू देत."

डिग्री झाल्यावर गेले. नाण्याची चकाकी गेली होती, कोनांत मळ बसला होता. मी प्लास्टिकच्या डबीत तसंच एक कोरं नेलं होतं. नानांनी डाव्या हाताने ते कडेने उचललं, बराच वेळ पाहिलं, माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी बोटं मिटली. "ठेव," एवढंच कसंबसं म्हणाले. तीस वर्षांसाठी ठेव, की मला नको म्हणून ठेव, ते विचारलं तरी त्यांना सांगता आलं नसतं.

सांता क्लाराला नोकरी लागली त्या वर्षी ते गेले. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. अंगणात मांडलेल्या खुर्च्या शेजारी परत नेत होते.

घर म्हणजे आता माझ्यासाठी तेच. सगळं होऊन गेल्यावर पोचायची जागा. पूर्वी आई फोनवर "लवकर ये" म्हणायची. हल्ली "सावकाश ये" म्हणते.