बायकोशेजारची जागा

"आधी दगड, मग गोष्ट," असं म्हणत काका दफनभूमीत पाहुण्याला तळहात उघडायला लावायचे आणि त्यावर खिशातला एक खडा ठेवायचे. तो खडा एखाद्या थडग्यावर ठेवून होईपर्यंत ते अवाक्षर काढत नसत. कोणी फुलं आणली तर म्हणायचे, "ही घरी न्या, बायकोला द्या. फूल संध्याकाळी मान टाकतं. दगड राहतो. कोणीतरी येऊन गेलं, एवढं सांगत बसतो."

रास्ता पेठेत माझी लहानशी ट्रॅव्हल एजन्सी आहे, आणि काका आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायचे. बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी ज्यू. आडनावाच्या शेवटी ‘कर’, जेवणात सोलकढी, आणि दाराच्या चौकटीवर धर्मवचनाची गुंडाळी ठेवलेली एक छोटी नळी. येता-जाता तिला बोटं लावून ती ओठांना टेकवायचे. सरकारी कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांना वेळ होता आणि मला गाइड हवा होता.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला घाम फोडला. "शनिवारी मी गाडीत बसत नाही." मी म्हटलं, "अहो काका, लोकांना सुट्टी शनिवारी असते." तर म्हणाले, "मग त्यांना सांगा, रविवारही चांगला वार आहे." संपलं. ज्यूंच्या जुन्या जागांची आमची सहल तेव्हापासून रविवारीच निघते.

लाल देवळासमोर, म्हणजे पुण्यातल्या ज्यूंच्या प्रार्थनागृहासमोर, उभे राहून ते सांगायचे, "बांधलं आम्ही, दिसतं चर्चसारखं आणि तुम्ही म्हणता देऊळ. वर घड्याळसुद्धा लावलंय. आता निदान वेळेवर तरी या." उशिरा आलेली मंडळी माना खाली घालायची. तुमच्याही पेठेत असा एखादा माणूस असेल. त्याच्या बोलण्याचा राग येतो आणि तो बोलला नाही तर चुकल्यासारखं वाटतं.

पण अलिबागजवळ नवगावला गेलो की काकांची थट्टा बंद. तिथे त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं, अशी त्यांच्या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची आठवण. मोजकी माणसं वाचली, बाकीची समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकली. त्यांना जिथे पुरलं तिथे उभे राहून काका विचारायचे, "वाचलेल्यांनी सगळ्यात आधी काय केलं असेल? अंगावर धड कपडा नाही, गाव परकं, भाषा परकी. घर नाही बांधलं, पुढे ज्यावर पोट भरलं तो तेलाचा घाणा नाही घातला. आधी पाण्यातून माणसं ओढून काढली आणि कोरड्या जमिनीत ठेवली. गलबतावर कोण कोणाशी भांडला होता, ते त्या वाळूत कोणी विचारलं असेल का?" मग म्हणायचे, "मेलेल्याचं केलेलं तेवढंच खरं. तो परतफेड करत नाही."

मी हे इतक्यांदा ऐकलं होतं की गाडीत पाण्याच्या बाटल्या मोजता मोजता ऐकायचे. गाइडचं बोलणं आहे, लोकांना आवडतं, एवढंच माझ्या मनात.

पुण्याच्या दफनभूमीत मात्र थट्टा परत सुरू व्हायची. काकू तिथे उंचावरच्या जुन्या रांगेत, एका कडुलिंबाखाली होत्या. त्यांच्या शेजारची मोकळी जागा काकांनी स्वतःसाठी राखली होती. विटांची कड लावलेली, तण उपटलेलं. लोकांना दाखवायचे, "ही माझी. पुण्यात एवढी मोक्याची जागा मिळत नाही. शांतता आहे, सावली आहे आणि शेजार ओळखीचा." लोक हसायचे. काका हसता हसता त्या मातीवर हात फिरवायचे. मुलगा इस्रायलला, अशदोदला असतो. तो वर्षानुवर्षं बोलवत होता आणि काका त्या विटांसाठी पुणं सोडत नव्हते.

काकूंच्या दफनाच्या दिवसाचं मात्र ते कधी बोलले नाहीत. ते मला इमारतीतल्यांकडून कळलं. थडग्यापाशी कद्दिश नावाची प्रार्थना म्हणायला समाजातले दहा पुरुष लागतात. समाजातली बरीच माणसं परदेशी गेलेली, त्या दिवशी नऊच जमले. दहावा मागच्या गल्लीत राहत होता. त्याचं आणि काकांचं प्रार्थनागृहात पंख्याखालच्या बाकावर कोणी बसायचं यावरून वाजलं होतं. हसू नका, पुण्यात यापेक्षा लहान कारणांवरून घरं तुटलेली आहेत. त्याला बोलवायला माणूस गेला तर निरोप आला, ताप आहे. संध्याकाळी तो बेकरीत खारी घेताना दिसला. काकू कद्दिशविना मातीआड गेल्या. काकांनी त्या माणसाशी बोलणं टाकलं, ते टाकलंच.

पुढे तो माणूस धायरीच्या वृद्धाश्रमात गेला. श्रावणातल्या एका शुक्रवारी सकाळी मी काकांकडे गेले असताना त्यांना फोन आला, की तो गेला. त्या माणसाचा मुलगा कॅनडात, त्याला येणं जमत नाही. नऊ जण जमलेत.

काका टोपी शोधायला लागले. मी चक्रावलेच. "तुम्ही जाणार?" म्हटलं.

"दहावा नको का?"

"तुमच्या वेळी कुठे होता दहावा?"

"तेच तर म्हणतोय," ते म्हणाले. "गाडी काढता का? रिक्षावाला पावसाचं नको म्हणेल."

दफनभूमीत पोचलो तर वेगळाच घोळ. आठवडाभर झड लागलेली. नवी थडगी खालच्या अंगाला, नाल्याकडे खणतात. खड्ड्यात पाणी. खणणारे दोघे बादल्यांनी उपसत होते आणि उपसलं तेवढं परत भरत होतं. वरच्या रांगांमध्ये जागा नाही. सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे त्यांचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, लागतो, त्यानंतर पुरता येत नाही. व्यवस्था बघणारे गृहस्थ म्हणाले, "रविवारपर्यंत शवागारात ठेवू. कोण विचारणार आहे?"

मी फाटकापाशी छत्री धरून उभी होते, सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. काकांनी वाकून खड्ड्यातलं गढूळ पाणी बघितलं. मग म्हणाले, "आपण पाण्यातून माणसं काढून पुरणाऱ्यांची पोरं. याला पाण्यात घालायचं नाही आणि फळीवर एकटं ठेवायचं नाही." आणि हात उंचावर, कडुलिंबाकडे केला. "तिथे खणा. तिथली जमीन कोरडी आहे."

कोणाला काही समजेना. खणणारा म्हणाला, "काका, ती तर तुमची."

"माझी म्हणूनच सांगतोय."

माझ्या हातातली छत्री कलंडली आणि पाणी मानेवरून आत गेलं. काकांनी वाकून स्वतःच्या हाताने त्या विटा काढल्या. त्या माणसाला काकूंच्या शेजारी ठेवलं. थडग्यापाशी म्हणायला मुलगा नव्हता, म्हणून कद्दिशही काकांनीच म्हटली, अडखळत, पण शेवटपर्यंत. काकूंच्या वेळी घशात राहिलेली ती प्रार्थना त्या माणसासाठी बाहेर आली. मला सहन होईना, मी गाडीत जाऊन बसले.

ते फाटकापाशी हात धुऊन आले. मी म्हटलं, आणि आवाज चढवूनच म्हटलं, "त्या माणसाला? काकूंच्या शेजारी? काकूंना विचारलंत?"

"ती मला नेहमी म्हणायची, तुम्ही फार लक्षात ठेवता."

"आणि तुम्ही कुठे जाणार?"

काकांनी हात मांडीवर ठेवले होते. नखांत विटांची लाल माती. "मी काय देऊन बसलोय ते मला कळतंय, बाई," ते म्हणाले. "नवगावला एवढी वर्षं लोकांना सांगत आलो. आज कोणीतरी मलाच विचारल्यासारखं झालं, तू करशील का? आता चला, घरी शब्बाथचे दिवे लावायचेत. ती असताना ती लावायची."

त्यानंतरही रविवारी ते यायचे आणि दोन्ही थडग्यांवर खडे ठेवायचे. जुन्या ओळखीचं कोणी विचारलंच, काका, तुमची जागा कुठे गेली, तर म्हणायचे, "भाड्याने दिली. भाडेकरू निघायचं नाव घेत नाही." लोक हसायचे. मला कधी हसू आलं नाही.

मागच्या वर्षी ते नातीच्या लग्नाला अशदोदला गेले. एका संध्याकाळी मी ऑफिसात मिनीबसवाल्याशी हुज्जत घालत असताना त्यांच्या मुलाचा फोन आला. बाबा सकाळी गेले. त्यांच्या रिवाजाप्रमाणे आजच्या आजच सगळं झालंही. आजारपणाची एक बातमी नाही, काही नाही, आणि सगळं झालंही. मी वेड्यासारखं विचारलं, "दहा जण होते ना?"

"इथे काय, चिकार होते," तो म्हणाला. मग म्हणाला, "शेजारी कोण आहेत, ते मात्र माहीत नाही. नवीन दफनभूमी आहे."

सहल अजून जाते. गाइड मिळेना, म्हणून मीच सांगते. परवा दफनभूमीत काकूंच्या थडग्यावर खडा ठेवला आणि नेहमीसारखी पुढे निघाले. त्या माणसाच्या थडग्यावर मी कधी ठेवला नव्हता. काकांनी ठेवलेले खडे अजून होते तिथे, पावसाने धुतलेले.

विश्रांतवाडीहून आलेली एक कॉलेजची मुलगी मागे रेंगाळली होती. म्हणाली, "मॅडम, हे बाजूचे त्यांचे मिस्टर का?"

"नाही."

"मग कोण?"

काकांचा राग आला, आजही येतो. खिशात एक खडा उरला होता. तिला हात उघडायला सांगितला आणि तो तिच्या तळहातावर ठेवला. तिने माझ्याकडे बघितलं, मग वाकून तो त्या माणसाच्या थडग्यावर ठेवला, आणि मला गोष्ट सांगावी लागली.