मरियाबाईचं कुंकू

‘हे असंच असतं’ असं कुणी म्हटलं की राहीबाईच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. असंच म्हणजे कसं, आणि ते ठरवलं कुणी, हे ती समोरच्याला घाम फुटेपर्यंत विचारत राहायची. आष्ट्याजवळच्या एका वाडीत मिशनची शाळा होती, एक खोली आणि एक पडवी एवढीच, आणि तिथली मास्तरीण म्हणजे राहीबाई. अंगानं किडकिडीत, कपाळ मोकळं, आवाज मात्र असा की पलीकडच्या विहिरीवर मोट हाकणाऱ्या गड्यालाही पाढे पाठ झाले होते.

मूळची ती शिराळ्याकडची, शेतकऱ्याघरची. पहिल्या महायुद्धात तिचा फौजी नवरा दूर इराकात बसऱ्याला मेला तेव्हा तिला लुगडंसुद्धा धड नेसता येत नव्हतं. तार आली, आणि काय झालं हे पोरीला कळायच्या आत सासूनं ओल्या पदरानं तिचं कपाळ खसाखसा पुसून टाकलं. पुढं जन्मभर जावांची शेणं काढायला नकार देऊन ती सांगलीला निघून आली. तिथं सगुणाबाई नावाच्या ख्रिस्ती बाईनं तिला घरात ठेवून घेतलं, लिहायला-वाचायला शिकवलं, आणि काही वर्षांनी राहीबाईनं आपल्या मनानं बाप्तिस्मा घेतला. सासूला मात्र तिनं कधी माफ केलं नाही. आणि का करावं?

दुसरी लढाई पेटली तेव्हा वाडीतल्या निम्म्या घरांतले गडी पलटणीत होते. त्यांतला एक नाथाजी. बेचाळीस साली रजेवर आला असताना तो लेकीला, विजयमालाला, शाळेत सोडायला आला आणि पडवीत टेकला.

“नाताळात गोऱ्या सोजिरांना घरनं रंगीत कार्डं येत्यात, बाई,” तो म्हणाला. “तंबूत दोरीवर टांगून ठेवत्यात. आमी आपलं बगत बसतू.”

“का? तुमाला काय पोरं न्हाईत?” राहीबाई फिस्कारली.

नाथाजी हसला, रजा संपल्यावर गेला आणि बोटीनं समुद्रापल्याड रवाना झाला. राहीबाईच्या डोक्यातून मात्र ते काही जाईना. गोऱ्यांना कार्डं आणि आमच्यांनी बघत बसायचं? पुढच्या साली दसरा झाल्याबरोबर तिनं पोरांना कामाला जुंपलं, कारण बोटीचं टपाल वेळेत निघायला हवं होतं.

लढाईमुळं कागद सोन्याच्या मोलाचा झालेला. मग सांगलीच्या कापडवाल्याशी भांडून तिनं ठाणाच्या आतले पुठ्ठे मिळवले. रंग घरचेच होते: हळद, गेरू, दिव्याची काजळी, कपड्यांची नीळ आणि घेवड्याच्या पाल्याचा रस. त्यात बाभळीचा डिंक कालवायचा आणि काडीचं टोक चावून त्याचा कुंचला करायचा. पहिले दोन दिवस पोरांच्या तोंडावरच रंग जास्त होता.

तिनं येशूच्या जन्माची गोष्ट सांगितली आणि ‘गोठा’ म्हटल्यावर पोरांना दुसरं काही सांगावं लागलं नाही. गोठा म्हणजे गव्हाण, कडब्याची पेंढी, दावणीला म्हैस, शेजारी रेडकू. योसेफाला फेटा आला. मरिया नऊवारी नेसून बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालत बसली. राहीबाई खूश होती, कारण मिशनच्या भिंतीवरल्या चित्रातली मरिया कधीच कामाची बाई वाटत नव्हती.

विजयमाला मात्र त्याच भिंतीवरल्या चित्राकडं बघत कुंचला चावत बसली होती.

“बाई, ह्यो योसेफ जित्ता हाय न्हवं?”

“हाय की.”

“मग मरियाबाईच्या कपाळाला कुकू का न्हाई?”

राहीबाईनं तोंड उघडलं. मरियेच्या देशात कुंकू नव्हतं, ख्रिस्ती बाया लावत नाहीत, हे सगळं तिला माहीत होतं. पण ‘ते तसंच असतं’ हे शब्द ओठांवर आले आणि तिची तिलाच लाज वाटली. समोरच्या पोरीचा बाप लढाईवर होता. त्या पोरीनं बाळंतिणीचं मोकळं कपाळ बापाला कशाला धाडावं?

“लाव मग,” ती म्हणाली.

विजयमाला धावत घरी गेली आणि आईच्या करंड्यातलं चिमूटभर कुंकू पुडीत बांधून घेऊन आली. ते बघून बाकीची पोरंही पळाली. संध्याकाळपर्यंत प्रत्येक मरियेच्या कपाळावर आपापल्या आईचं कुंकू डिंकात घट्ट बसलं होतं.

चार दिवसांनी पाद्री विष्णुपंत सांगलीहून सायकलवर आले. ते शाळेचे वरिष्ठ, आणि सगुणाबाईंचे चिरंजीव. ज्या घरात राहीबाई अक्षरं शिकली त्याच घरातला हा मुलगा, म्हणून ती त्यांना एरवी उलट बोलत नसे. त्यांनी पहिलं कार्ड उचललं, हसले. दुसरं उचललं आणि हसणं मावळलं.

“हे काय? मरियेला कुंकू?”

“पोरांनी लावलंय, पाद्रीसाहेब. त्यांच्या आयांचं हाय.”

“पुसायला सांगा. टपालात पडण्याआधी यावर मिशनचा शिक्का बसणार आहे.”

“न्हाई पुसायचं.”

विष्णुपंत काही दुष्ट माणूस नव्हते, हे सांगितलंच पाहिजे. ते खाली बसले आणि हळू आवाजात बोलले. “राहीबाई, माझी आई मोकळ्या कपाळानं कृष्णेवर धुणं धुवायला जायची. बायका तिच्यापासून घागरी बाजूला ओढायच्या. नवरा जिवंत असून रांडावली म्हणायच्या. तिनं खाली मान घातली नाही. ते मोकळं कपाळ आम्ही कमावलेलं आहे. आणि तुम्ही मरियेलाच कुंकू लावून बसलात?”

सगुणाबाईंची ती ताठ मान तिनं रोज पाहिली होती. पण ती मागं सरली नाही.

“सगुणाबाईंनी आपल्या हातानं सोडलं कुकू,” ती म्हणाली. “माजं दुसऱ्यानं पुसलं. ह्यात फरक हाय का न्हाई? ह्या पोरांच्या आयांनी अजून काय सोडल्यालं न्हाई. त्यांचं पुसणारं तुमी कोण?”

“मग मीच पुसतो,” विष्णुपंत म्हणाले. त्यांचाही आवाज आता चढला. त्यांनी पाटी पुसायचं ओलं फडकं उचललं.

विजयमाला कधी उठून पळाली हे कुणी पाहिलं नाही. शेजारच्या रानात बायका भुईमुगाच्या शेंगा तोडत बसल्या होत्या. पोरगी बांधावरूनच ओरडली, “आये, पाद्रीसाब मरियाबाईचं कुकू पुसाया लागल्यात!” एवढं ऐकल्यावर कुठल्या शेंगा अन् कुठलं काय! मातीच्या हातांनी सगळ्या बायका शाळेच्या पडवीत आल्या. सगळ्यांत पुढं होती विजयमालाची आई, रंगूबाई.

विष्णुपंतांच्या एका हातात विजयमालाचं कार्ड होतं आणि दुसऱ्यात ओलं फडकं. रंगूबाई त्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली आणि डोक्यावरचा पदर तिनं मागं सारला.

“पुसा की,” ती म्हणाली. “पर आदी हे पुसा. मग कागदाचं पुसा.”

विष्णुपंतांनी त्या कपाळाकडं पाहिलं, मग मागं उभ्या असलेल्या बाकीच्या कपाळांकडं. त्यांचा हात खाली आला. कार्ड त्यांनी जपून टेबलावर ठेवलं, फडकं मात्र मुठीतच राहिलं आणि त्याचं पाणी त्यांच्या पांढऱ्या विजारीवर गळत राहिलं.

“शिक्का मिळणार नाही,” ते शेवटी म्हणाले. “आणि राहीबाई, नाताळ झाला की शाळेची किल्ली आणून द्या.”

“देते,” राहीबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती आणि त्या सगळ्या बायका कार्डं घेऊन आष्ट्याच्या पोस्टात गेल्या. पोस्टमास्तर म्हणाला, फौजी टपालाला मिशनचा शिक्का कशाला हवा, पलटणीचं नाव नीट लिहा म्हणजे झालं. इतके दिवस आपण उगीच त्या शिक्क्याला भीत होतो, याचंच राहीबाईला हसू आलं. कार्डं कुठं पोचतील आणि कुठं बुडतील हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गेली मात्र कुंकवासकट.

नाताळाच्या सकाळी राहीबाई सांगलीच्या ख्रिस्ती देवळात उपासनेला गेली. बातमी तिच्या आधीच पोचली होती. बाकावर तिच्या शेजारची जागा रिकामीच राहिली, आणि ती ऐसपैस पसरून बसली. उपासना संपल्यावर ती सरळ दारात उभ्या असलेल्या विष्णुपंतांकडं गेली. आधी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली, मग पिशवीतून एक कार्ड काढलं.

हे तिनं स्वतः काढलं होतं. नदीचा घाट, दगडावर धुण्याचा पिळा, आणि बाळाला पदरात घेऊन ताठ मानेनं उभी असलेली मरिया. कपाळ मोकळं होतं.

“आईंना द्या,” राहीबाई म्हणाली. “हे त्यांचं कपाळ. ह्याला कुणी कुकू लावाया आलं, तर त्याचा बी हात मी धरंन.”

विष्णुपंतांनी कार्ड दोन्ही हातांत घेतलं. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांना लपवता येत नव्हतं. खोकून ते म्हणाले, “राहीबाई, नोकरी मात्र आता मला परत देता येणार नाही. वर कळवून झालंय.”

“मागितली कुणी?” राहीबाई म्हणाली. तिनं पदर खोचला आणि वाडीच्या रस्त्याला लागली.