सगळ्यांसारखी वाटी

लताकाकूंसारखं वाण निवडणारी बाई न्यू जर्सीतल्या अख्ख्या एडिसनमध्ये नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ओक ट्री रोडवरचे स्टीलचे डबे लुटणाऱ्यांना त्या तोंडावर आळशी म्हणतात. दर डिसेंबरला त्या आम्हा शेजारच्या मुलींना न्यूयॉर्कला घेऊन जायच्या आणि उघड्यावर भरलेल्या ख्रिसमसच्या बाजारांतून वाण हुडकून काढायच्या. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टरची, त्यामुळे खोट काढायची सवय हाडीमाशी खिळलेली.

दोन हजार चारच्या दिवाळीआधी त्यांचे यजमान हेमचंद्रकाका हार्ट अटॅकने गेले. नागपूरची घरची माणसं परत ये म्हणाली. "माझं घर इथे आहे," एवढं सांगून तेरावं झाल्यावर काकू ऑफिसला गेल्या. वर्ष सरलं, तरी हळदीकुंकवाचं बोलावणं मात्र कुणाकडून आलं नाही. एरवी सगळे सण वीकेंडला ढकलणाऱ्या आमच्या बायकांना ही एकच रीत जशीच्या तशी आठवत होती. मला भयंकर संताप यायचा.

दोन हजार पाचच्या डिसेंबरात पद्मजाकाकूंचा फोन आला. यंदाचं हळदीकुंकू त्यांच्याकडे होतं, आणि वाण निवडायला लताकाकू हव्या होत्या. हळदीकुंकवाला ये असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

"जाऊ नका," मी म्हटलं.

"अडला हरी गाढवाचे पाय धरी," लताकाकू हसल्या. "अगं कादंबरी, गाढव जाणार आहे. तूही चल."

ब्रायंट पार्कच्या बाजारात एका कुंभारणीकडे हिरव्या मातीच्या वाट्या दिसल्या. माझ्या दोन वाट्या कधीच सारख्या नसतात, असं ती अभिमानाने म्हणाली. लताकाकूंनी कपाळाला हात लावला. वाण एकसारखं नसेल तर हिची मोठी, माझी लहान म्हणून बायका वर्षभर फुगून बसायच्या! त्या वाटीला वाटी लावून निवडायला लागल्या. कुंभारीण आधी वैतागली, मग स्वतःच खोकी उपसू लागली.

पद्मजाकाकूंनी बोटांवर बायका मोजल्या. "झाल्या पुऱ्या."

"अजून एक," लताकाकू म्हणाल्या. "माझ्यासाठी. मी येणार आहे संक्रांतीला."

पद्मजाकाकू मफलर सारखा करत राहिल्या. "अगं, मला काहीच प्रॉब्लेम नाही, पण सासूबाई आल्यात इंडियातून..."

"त्यांचं नाही विचारलं. तुझं काय?"

पद्मजाकाकू खोक्यांत डोकावू लागल्या. जुळणाऱ्या हिरव्या वाट्या मात्र संपल्या होत्या. त्यांनी घाईघाईने एक तपकिरी उचलली. "ही घे ना, मस्त आहे. तुला चालेल."

"नाही चालणार. मला सगळ्यांसारखीच हवी."

कुंभारणीच्या बहिणीचा स्टॉल युनियन स्क्वेअरच्या बाजारात होता, तिथेही अशाच वाट्या होत्या. त्या दिवशी सबवेचा संप, टॅक्सी मिळेना. लताकाकू चालत निघाल्या. वारा कान कापत होता.

"लता, इट्स फ्रीझिंग! जाऊ दे ना यार!" पद्मजाकाकू पिशवी सांभाळत ओरडत होत्या, पण मागोमाग येत होत्या.

युनियन स्क्वेअरला लताकाकूंनी सुन्न बोटांनी एकेक वाटी आमच्या वाटीशी ताडून पाहिली. जुळणारी मिळाली, ती त्यांनी पद्मजाकाकूंच्याच पिशवीत टाकली. "इतरांच्यात राहू दे. तुझ्या हातून घेईन."

संक्रांतीला त्या काळी साडी नेसून आल्या आणि ओळीत बसल्या. पद्मजाकाकू करंडा घेऊन एकेकीला हळदीकुंकू लावत आल्या आणि त्यांच्यापुढे थबकल्या. सोफ्यावरून सासूबाई बघत होत्या.  

लताकाकूंनी कपाळ पुढे केलं आणि तसंच धरून ठेवलं.

पद्मजाकाकूंनी एक डोळा सासूबाईंवर ठेवून बोट टेकवलं, त्यामुळे कुंकू वाकडं लागलं. एरवी खोट काढल्याशिवाय न राहणाऱ्या लताकाकूंनी ते तसंच राहू दिलं, आणि वाटीसाठी पदर पसरला.