बर्फाची कांडी आणि हवालदाराचं बोट

“अण्णा, सिलिंडर उलटा धरा म्हटलं ना!” मी तिसऱ्यांदा ओरडलो.

“उलटा धरला तर गॅस लय जाईल की!” अण्णांनी तो उभाच ठेवला.

अण्णा म्हणजे सांगलीतल्या सोड्याच्या कारखान्याचे मालक. सिलिंडर बाहेर देईनात, म्हणून मी पेशंटलाच कारखान्यात आणलं होतं. लढाईचे दिवस. पेशंट उंब्रजकडचा हवालदार. बंदुकीचा चाप ओढायच्या बोटावर हरभऱ्याएवढी चामखीळ. दोनदा कापली, दोनदा पुन्हा आली.

“रजा आठ दिवस उरलीया,” तो म्हणाला. “चाप ओढता आला न्हाई तर सायेब म्हणत्यात, मुद्दाम करतोय.”

उपाय होता चामखीळ गोठवण्याचा. सोड्यात असतो तोच कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये इतका दाबून भरतात, की तळाला त्याचा पाण्यासारखा द्रव होतो. तो द्रव एकदम बाहेर सोडला की गारठून त्याचा बर्फ होतो. उभ्या सिलिंडरमधून येतो नुसता वारा. तो अर्धा तास आला.

शेवटी हवालदारच उठला. सिलिंडर उचलला, बाकावर टाकून तोंड खाली केलं. मी व्हॉल्व्ह उघडला. त्याच्या तोंडाला बांधलेल्या कातडी पिशवीत भुसभुशीत पांढरा बर्फ जमला.

पितळी नळीत भरून हातानं दाबला. कांडी बोटाला लागताच भुगा. पुन्हा भरला, दट्ट्या घालून हातोडीनं ठोकला. बोट धुवेपर्यंत कांडी टिकावी म्हणून मी शहाण्यानं नळीची दोन्ही तोंडं बुचांनी बंद केली.

धाडकन आवाज झाला. बूच कौल फोडून गेलं.

“आवं डागदर, आमच्या बाटल्याबी अशा फुटत न्हाईत!”

हा बर्फ वितळत नाही, थेट वायू होतो आणि वायूला जागा लागते. पुस्तकातलं हे मला पाठ होतं.

तिसऱ्यांदा तोंडं उघडी ठेवून ठोकला. खडूसारखी टणक कांडी निघाली. फडक्यात धरून चामखिळीवर दाबली. चाळीस सेकंद. हवालदाराच्या कपाळावर घाम आला.

“दुखतंय?”

“चालू द्या.”

दुसऱ्या दिवशी मोठा फोड आला. रजा संपली तेव्हा बोटाला पट्टीच होती. मी साहेबाच्या नावे चिठ्ठी दिली आणि रोज टपालाची वाट पाहिली. महिन्याभरानं कार्ड आलं. खपलीबरोबर चामखीळ गळली होती, नेमबाजीत तो पास झाला होता.

नव्या डॉक्टरांना मी एवढंच सांगतो: बर्फ हवा तेवढा ठोका, पण बूच लावू नका. आणि सिलिंडर मालकाच्या हातात देऊ नका.